अकरा वेळा विचारलेली ओळ

ऑफिसात तिला सगळे तोंडपाठबाई म्हणत. सलाईनच्या पंपातून रुग्णाच्या शिरेत किती औषध जायचं हे ठरवणारा चाळीस हजार ओळींचा प्रोग्राम तिने एकवीस वर्षं सांभाळला होता, आणि कुठली ओळ कुठे आहे हे ती न बघता सांगायची. नवी मुलं तिच्याशी पैज लावत आणि हमखास तोंडघशी पडत.

गेल्या वर्षापासून मात्र काहीतरी बिनसलं होतं. तिची भाषा कंपाइलरवाली. एक आकडा बदलला तरी अख्खा प्रोग्राम पुन्हा यंत्राच्या भाषेत उतरवायचा, आणि त्याला वीस मिनिटं लागायची. बाकीचे तेवढ्यात चहा पिऊन, साहेबांची उणीदुणी काढून परत येत. तीही यायची, खुर्चीत बसायची, आणि पडद्याकडे नुसती बघत राहायची. उत्तर समोर होतं. आपण विचारलं काय होतं, तेच आठवत नव्हतं.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. धाकट्या बहिणीला तर नाहीच नाही. बहीण नर्स, नवजात बाळांच्या वॉर्डात रोज हेच पंप लावणारी. शिवाय आईचं शेवटचं आजारपण दोघींनी मिळून काढलं होतं. आई दर पाच मिनिटांनी विचारायची, कडी लावलीस का गं? ही वैतागून जागेवरूनच हो हो म्हणायची. बहीण मात्र दर वेळी उठायची आणि कडी बघून यायची. आईला ते विसरणं सुरू झालं तेव्हा ती एकसष्टची होती. हिला आता अठ्ठावन्नावं लागलं होतं.

शेवटी तिने तोड काढली. इंटरप्रिटर आणायचा. एक ओळ टाकली की तिथल्या तिथे उत्तर, विसरायला सवडच नाही. साहेबांना तिने कारण दिलं ते नव्या मुलांच्या शिकण्याचं. साहेब तिच्याच हाताखाली शिकून वर गेलेले, त्यांनी लगेच मान डोलावली. दोन-तीन वापरून बघा, एक निवडा आणि शुक्रवारी मीटिंगमध्ये दाखवा, म्हणाले.

तीन मिळाले. पहिल्याला निम्मी भाषाच कळत नव्हती, त्याला तिने सोमवारीच नारळ दिला. दुसरा भलताच चपळ, पण खिडकी बंद केली की सगळं विसरून मोकळा. तिसरा जरा संथ, पण टाकलेली प्रत्येक ओळ वेळेसकट लिहून ठेवणारा. तिला हा तिसराच भावला. काही आठवेनासं झालं की वर बघायचं, झालं. कितीतरी दिवसांनी तिला कामात हलकं वाटत होतं.

गुरुवारी दुपारी तिने सहज त्या दिवसाची नोंद वरपासून वाचली. तीन किलोच्या बाळाला ताशी किती औषध, नऊ वाजून चार मिनिटं. तीच ओळ नऊ वाजून सोळा मिनिटं. मग साडेनऊ. तिने बोट ठेवून मोजलं, ती ओळ अकरा वेळा होती. उत्तर दर वेळी दीड मिलिलिटर. सातव्या वेळी मात्र तीनच्या जागी तीस पडले होते, आणि इंटरप्रिटरने मुकाट पंधरा असं उत्तर दिलं होतं. तो पंधराचा आकडा तिने स्वतःच्या हाताने, पंपाचा प्रोग्राम ज्यावरून तपासतात त्या तक्त्यात भरला होता.

आधी तिने तक्त्यातला आकडा सुधारला, मग दोनदा तपासला. मग तिच्या मनात आलं की दुसराच निवडावा, त्याला नोंद नाही की काही नाही. तिसऱ्याला तिने सगळी नोंद पुसायची आज्ञा दिली. नक्की पुसू का, असं त्याने विचारलं.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. ताई जेवलीस का, इतकंच तिला विचारायचं होतं. ती जेवली नव्हती, पण हो म्हणाली. फोन ठेवला, लॅपटॉप मिटला, आणि एकदाची ती नोंद पुसली म्हणून सुटकेचा श्वास टाकला.

शुक्रवारी मीटिंगमध्ये तिने चपळ इंटरप्रिटरची बाजू मांडली. सगळ्यांना पटली. साहेबांना मात्र तिसराही बघायचा होता. त्यांनी तिच्याच लॅपटॉपवर तो उघडला, आणि प्रोजेक्टरवरून भिंतीवर भलामोठा प्रश्न उमटला. नक्की पुसू का?

ती बघतच राहिली. काल उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं. साहेबांनी 'नाही'वर टिचकी मारली आणि मागच्या सगळ्या ओळी एकाखाली एक उभ्या राहिल्या.

साहेब हसले. "हा तर एकच ओळ दहा-दहा वेळा छापतोय. बिघडलेलं दिसतंय सॉफ्टवेअर. तुमचा दुसराच घेऊ या."

टेबलाभोवतीच्या माना हलल्या. म्हणजे ती सुटली होती. फक्त मूग गिळून बसायचं होतं, बस्स. पण तिला बहीण दिसायला लागली, बाळाच्या इवल्याशा पायात सुई लावून पंपावरच्या आकड्याकडे विश्वासाने बघणारी. तिला भयंकर भीती वाटत होती. कशाची जास्त, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"ते बिघडलेलं नाहीये," ती म्हणाली. "अकरा वेळा मीच विचारलं. आधी विचारलंय हे मला आठवतच नव्हतं."

साहेबांनी सातवी ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा तिसराच घ्या," ती म्हणाली. "आणि या वर्षभरातलं माझं सगळं काम दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. आजपासूनच."

बाहेर जिन्यात येऊन तिने बहिणीला फोन लावला. बहिणीची आज सुट्टी होती.

"काल तू विचारलंस ना," ती म्हणाली, "तेव्हा मी जेवले नव्हते गं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आईची कडी बघायला उठायची तशी बहीण उठली होती.