निळ्या फितीची गाठ

मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे. माझा एक स्क्रू कमी आहे. एका अनोळखी माणसाने तो आठवण म्हणून काढून नेला. कसली आठवण, ते ऐकलंत तर तुम्हालाही राग येईल. मला तर अजून येतो.

एका सुतार आजोबांनी मला पहिल्या नातीसाठी बनवलं. अंग लाकडाचं, चाकं सायकलच्या दुकानातली आणि खाली चार स्प्रिंगा. बोट लावलं तरी मी डुलायचे. ती नात, म्हणजे घरातली मोठी, चालायला लागली आणि मी माळ्यावर गेले. सहा वर्षांनी धाकटा झाला. मला पुसून खाली आणलं, नवी गादी घातली. थाट होता माझा तेव्हा.

मुलांचे बाबा बोटीवर कामाला होते, वर्षातून एकदा यायचे. आई घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. मशीन आतल्या खिडकीपाशी आणि मी वाऱ्यासाठी दाराशी, म्हणजे तिची पाठ माझ्याकडे. हात दोन आणि कामं छप्पन्न, म्हणून तिने एक युक्ती काढली होती. माझ्या दांडीला निळी फीत बांधायची आणि दुसरं टोक मशीनच्या पायडलला. तिचा पाय चालला की मी डुलायचे. फीत हलतेय म्हणजे बाळ झोपलंय, असा तिचा हिशोब.

त्या दुपारी चाळीस गणवेशांच्या कॉलरी द्यायच्या होत्या. मशीन धडधडत होतं. माझं छत पुढे ओढलेलं होतं, म्हणून मला चेहरा दिसला नाही. फक्त दोन हात आत आले. त्यांनी बाळाला उचललं. बाळ रडलं नाही, त्या बाहीचं बटण धरून बघत राहिलं. माझी चाकं तरी कुरकुरावीत, तर त्यांना आदल्याच दिवशी तेल घातलेलं. आणि मित्रांनो, सगळ्यात वाईट हे की मी डुलतच राहिले. ओझं गेल्यावर तर जास्तच डुलले. आणखी तीन कॉलरी शिवून आई उठली.

ती रस्त्याच्या टोकापर्यंत धावली. परत आली तेव्हा पोलिसांना निरोप गेला होता. तिने कात्री घेतली, फीत कापली आणि खिशात कोंबली. "बाळाला झुलवायलासुद्धा हिला सवड नव्हती, असं म्हणतील," ती पुटपुटली. घाईत दांडीवरची गाठ मात्र राहिली.

पोलीस अधिकाऱ्यांनी ती गाठ बघितलीच. "इथून काय कापलंय?"

"काही नाही," आई म्हणाली.

त्या दोन शब्दांनी घात केला. गाठीचा फोटो पेपरात आला आणि लोकांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी म्हणे बाळ विकलं, कुणी म्हणे बाळ नव्हतंच. एका शहाण्याने माझा फोटो बघून लिहिलं, गादीतला खळगा उथळ आहे, आत बाहुली असणार. अहो, चार महिन्यांचं पोर आणि नवी कोरी गादी, खळगा किती पडणार? आई रडत कशी नाही, असंही विचारलं. मी पोलिसांकडून परत आल्यावर ती माझ्याच गादीत तोंड खुपसून रडत होती, ते कोणी बघितलं? ती फीत तिने त्याच गादीत शिवून टाकली. पुढे एक जण 'तीच ही पेपरातली बाबागाडी' म्हणत बघायला आला आणि जाताना आठवण म्हणून माझा स्क्रू काढून घेऊन गेला.

मोठीला शाळेत विचारायचे, तुझा भाऊ खरा होता का? आधी ती भांडायची. मग गप्प झाली. वीस वर्षांची झाली तेव्हा एके सकाळी बॅग भरून उभी राहिली.

"आई, मला तरी खरं सांग. ती गाठ कशाची होती?"

"काही नाही गं."

"मग मी जाते. परत येणार नाही."

एक लेकरू गेलंच होतं, आता दुसरं निघालं. आई मशीनवर बसून राहिली. दाराशी मी आडवी आले, तशी मोठीने रागाने मला बाजूला ढकललं. गादी खाली पडली. आईची शिलाई कशी रेषेत असते, आणि गादीची एक कड वेडीवाकडी. मोठीने ती उसवली. आतून निळी फीत निघाली. तिने ती दांडीवरच्या गाठीशी लावून बघितली. मग मशीनच्या पायडलकडे बघितलं. तिथे एक जागा घासून गुळगुळीत झाली होती.

तिने फीत दोन्हीकडे बांधली आणि माझ्यात उशी ठेवली. "आई, एकदाच चालव. मागे बघू नकोस."

मशीन सुरू झालं. मी डुलू लागले. मोठीने हळूच उशी उचलली.

"आई, उशी आहे का आत?"

"आहे की. हलतेय ना फीत."

मशीन थांबवून आई वळली. पोरगी उशी छातीशी धरून उभी होती. "मीही तुलाच दोषी समजले गं आई," ती म्हणाली. आईने तिला जवळ ओढलं. दोघी किती वेळ रडल्या, मला मोजता आलं नाही.

मित्रांनो, धाकटा अजून सापडलेला नाही. त्याचा पत्ता मलाही ठाऊक नाही. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू जपा, हे मी सांगेनच, पण त्याआधी तुमची जीभ जपा. बॅग रिकामी करून मोठीने मला आईसमोर, खिडकीपाशी आणून ठेवलं. आता शिवताना ती मान वर करते आणि मला बघते.