नंदाबाईंचा घास मोकळा करणारी नळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी नळी आहे. हातभर लांब, करंगळीएवढी जाड आणि आतून पोकळ. माझ्या टोकाशी मुगाच्या दाण्याएवढा दिवा आहे. तोंडातून मला हळूच खाली सरकवलं की डॉक्टरांना माणसाची अन्ननलिका आतून दिसते. अंगावर काटा आला ना? पण माझी गोष्ट भीतीची नाही, जिंकण्याची आहे.

मी विलायतेत घडले आणि १९१९ साली बोटीने मुंबईच्या एका इस्पितळात आले. तिथे मी मुलांनी गिळलेली बटणं काढली, माशांचे काटे काढले. सगळे माझं कौतुक करत. मग एक नवी, चकचकीत नळी आली आणि मला कपाटात ठेवलं. पुढे कित्येक वर्षं कोणी मला पुसलंसुद्धा नाही. माझं पितळ काळवंडलं, दिवा फुटला.

त्याच इस्पितळातल्या डॉक्टर लीलाबाई लोणावळ्यात दवाखाना काढायला निघाल्या, तेव्हा त्यांनी मला मागून घेतलं. स्वतः घासूनपुसून लख्ख केलं, नवा दिवा बसवला. मला पुन्हा काम मिळालं.

१९३८ सालच्या दिवाळीनंतर जवळच्या औंढे गावाहून महिपती आपल्या बायकोला, नंदाबाईला, बैलगाडीत घालून घेऊन आला. ती इतकी वाळली होती की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"कधीपासून अडतंय?" लीलाबाईंनी विचारलं.

"भातलावनीपासनं," नंदाबाई म्हणाली. "आदी भाकर अडायची. आता पेज बी उतरंना."

महिपती मान खाली घालून म्हणाला, "दुसऱ्या डाक्टरनं सांगितलंय, कॅन्सर हाय, घरी न्या. मंग नळी घालून तिला कशापायी छळायचं, बाई?"

"कॅन्सर असेलही. पण सगळे कॅन्सर एका जातीचे नसतात, महिपतराव. हा कुठल्या जातीचा आहे ते पाहिल्याशिवाय मी आशा सोडणार नाही."

नंदाबाईनेच तोंड उघडलं. "घाला नळी. उपाशी मरन्यापरीस बरं."

लीलाबाईंनी तिच्या घशाला बधिर करणारं औषध लावलं. कंपाउंडर सोपान याने तिचं डोकं दोन्ही हातांनी तोलून धरलं. मी खाली उतरले. असल्या दुखण्यात मी नेहमी खडबडीत, चरत गेलेली जखम पाहिली होती. इथे मात्र वेगळंच होतं. एका बारीक देठाला लिंबाएवढी गाठ लोंबत होती आणि तिने सगळी वाट अडवली होती!

"सोपान, हे मी फक्त पुस्तकात पाहिलंय," लीलाबाई पुटपुटल्या.

माझ्यातून लांब चिमटा घालून त्यांनी गाठीचा छोटा तुकडा काढला आणि तपासायला मुंबईला धाडला. आठ दिवसांनी उत्तर आलं. कॅन्सरच, पण हजारांत एखाद्याला होणारा. देठ बारीक असेल तर गाठ तारेच्या फासाने काढता येईल, मात्र रक्त थांबलं नाही तर रोगी टेबलावरच जाईल, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी लिहिलं होतं.

लीलाबाईंनी त्यातलं काहीही लपवलं नाही. महिपतीने बायकोचा हात धरला. नंदाबाई म्हणाली, "तुमी बाहेर बसा. मी हाय नव्हं घट्ट?"

त्याच सकाळी मी पुन्हा उतरले. तारेचा फास माझ्यातून गेला. दोनदा तो गाठीवरून निसटला. तिसऱ्यांदा देठाभोवती बसला. लीलाबाई तो एकदम ओढेनात. थोडा आवळायच्या, थांबायच्या, पुन्हा आवळायच्या. रक्तवाहिन्या दाबल्या जाव्यात म्हणून. माझा दिवा गेला असता तर सगळंच बुडालं असतं. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने तेवत राहिले. देठ तुटला. थोडं रक्त आलं, आणि थांबलं! लीलाबाईंनी चिमट्यात धरलेली गाठ माझ्यासकट बाहेर काढली.

दाराबाहेर महिपती उकिडवा बसला होता. "निघाली," एवढंच सोपान म्हणाला, आणि महिपती लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी नंदाबाई पाणी प्याली, आठवड्यात दूधभात जेवली. मुळाशी रोग उरू नये म्हणून मुंबईला नेऊन तिच्यावर किरणांचे उपचार केले. पुढे दर काही महिन्यांनी मी आत डोकावत असे. आज १९४७ साल आहे. नऊ वर्षं झाली, वाट स्वच्छ आहे!

गेल्या महिन्यात ती भाजे गावच्या रखमाजीला दंडाला धरून घेऊन आली. त्याचा घास पंधरा दिवसांपासून अडत होता आणि तो दारातच अडून बसला होता.

"भाऊ, मी चार महिने अंगारे लावले," नंदाबाईने त्याला दटावलं. "तुमी पंधरा दिसांत आलाय. आता मागं फिरलात तर माज्याशी गाठ हाय!"

रखमाजी मुकाट्याने आत आला. मित्रांनो, त्याला नुसती सूज होती. ती औषधानेच बरी झाली.

तेव्हा एवढं ऐका. घरात कोणाचा घास अडू लागला तर दिवस घालवू नका. कॅन्सरचं नाव ऐकूनच हातपाय गाळू नका, आधी डॉक्टरांना नीट पाहू द्या. आणि माझ्यासारखं एखादं जुनं हत्यार दवाखान्यात असेल तर त्याला पुसून, दिवा तपासून, तयार ठेवा. कारण कोणत्या सकाळी कोण दारात येईल, ते सांगता येत नाही.