हेटीचं विरजण

"आई, हेडनसाहेबांची गाडी फाटकात आलीसुद्धा! बरणी काढ ना विहिरीतून!"

रॉइस सकाळपासून अंगणात येरझाऱ्या घालत होता. हेटी क्लेकम पायरीवर शेंगा सोलत होती, पण दाणे बादलीत आणि सालं वाडग्यात पडत होती.

अमेरिकेतली दारूबंदी उठत होती. केंटकीतल्या त्या खोऱ्यातली व्हिस्कीची भट्टी इतक्या वर्षांनी पुन्हा पेटणार होती, आणि पेज आंबवायचं तिचं जुनं विरजण उरलं होतं फक्त हेटीच्या विहिरीतल्या गारव्यात. हेटीचा नवरा लीलँड ते सांभाळायचा. भट्टीला कुलूप लागलं तेव्हा त्याने ते घरी आणलं, आणि पुढे डोंगरातल्या चोरट्या दारूने तो स्वतःच गेला. जाताना म्हणाला, "एवढं जगव." हेटी दारूला शिवतही नव्हती. तरी राय नावाच्या धान्याची आणि मोडाच्या जवाची पेज शिजवून ती त्याला घालत राहिली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

भट्टीचे व्यवस्थापक हेडन टोपी काढून पुढे आले. "वहिनी, रॉइसची नोकरी पक्की. बापाच्या जागी. बरणी घेऊन सोमवारी येऊ दे त्याला."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" रॉइस म्हणाला.

हेटीने त्याच्याकडे पाहिलं. दर शनिवारी रात्री तो मागच्या दाराने, भिंत धरून घरात यायचा. तिला झोप लागली असेल असं त्याला वाटायचं.

"तो नाही येणार," ती म्हणाली. "मी येते."

हेडन हसले. "भट्टीवर बाई? गडी काय म्हणतील?"

"म्हणू देत. एवढी वर्षं या विरजणाला पेज घालायला कुठला गडी आला होता?"

"आई, माझी नोकरी घेतेस तू?"

"तुला त्या वासात नाही ठेवायचं मला."

"मी म्हणजे बाबा नाहीये!"

"तोही हेच म्हणायचा. त्याच्या बापाबद्दल."

हेडन टोपी हातात फिरवत राहिले. विरजणाशिवाय नुसता मका शिजवून ती चव येणार नव्हती. "बरं," ते शेवटी म्हणाले. "या तुम्हीच."

रॉइस रविवारी सकाळी लुइव्हिल शहराकडे निघाला. हेटी फाटकापर्यंत मागे गेली. तिने फडक्यात बांधून दिलेला पाव त्याने खांबावर ठेवला आणि वळूनही न पाहता चालू लागला.

सोमवारी ती बरणी मांडीवर घेऊन गाडीत बसली. दिवसभर तिचं लक्ष रस्त्याकडेच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, विरजण घातलेल्या हौदातल्या मक्याच्या पेजेवर बुडबुडे धरले, मग पिवळसर फेस फुगून काठाशी आला. गडी धावत आले. "वर आलं! वहिनी, वर आलं!" कुणी टोपी उडवली, एक म्हातारा गडी डोळे पुसत हौदाशीच उभा राहिला. हेटी नुसतीच मान हलवत होती.

संध्याकाळी नळाखाली तिने हात साबणाने घासघासून धुतले. तरी तो आंबूस, गोडसर वास जाईना. लग्न नवं होतं तेव्हा लीलँड कामावरून आला की त्याच्या सदऱ्याला असाच वास यायचा. तेव्हा तो पीत नसे.

तिने नळ बंद केला आणि हात न पुसताच ती लुइव्हिलच्या रस्त्याला लागली.