घरातलाच आवाज

घशातली गाठ काढताना बाबांचं स्वरयंत्रही काढावं लागलं. तेव्हा दादानं त्यांच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. संगणकाच्या पडद्यावरचं बटण दाबलं की वाक्य ऐकू येई. आवाज तयार, विकतचा. जन्मभर लेथच्या खडखडाटात ओरडून बोललेल्या बाबांना तो पसंत नव्हता. त्यांनी पाटीवर लिहिलं, "हा बातम्या देतो. मला भांडायचंय."

"पुढच्या खेपेला घरातलाच आवाज देतो," दादा म्हणाला, "मग भांडा पोटभर."

त्याआधीच तो रस्त्यावरच्या अपघातात गेला.

त्याच्या कपाटात, पेनड्राइव्हवर, प्रोग्रॅमची नवी फाइल सापडली. बाबांच्या संगणकावर ती उघडेना. पडद्यावरचा संदेश नीट वाचल्यावर कारण कळलं. दादाचे प्रोग्रॅम चालायला संगणकात जावा नावाची प्रणाली लागे. फाइल त्याच्या लॅपटॉपवरच्या नव्या जावानं बनवलेली, आणि इथली जावा जुनी. जुन्या जावाला ती वाचताच येत नव्हती. मूळ कोड मिळाला असता तर मी तो जुन्या जावासाठी पुन्हा बांधला असता. पण लॅपटॉप दादाबरोबरच चिरडला होता.

बाबा झोपले होते. मी जुनी जावा काढून नवी टाकली. इथेच चुकले. रोजचा प्रोग्रॅम ज्या भागावर खिडकी आणि बटणं दाखवायचा, तो भाग नव्या जावातून वगळलेला होता. बाबा उठले, पाणी मागायला पडद्याशी बसले, आणि काहीच उघडलं नाही. त्यांनी दोनदा टेबल थोपटलं. मग पाटी ओढली.

"आता हेही काढलंस?"

मी आधी जुनी जावा परत बसवली. पाणी मिळालं. मग नवी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि नव्या फाइलला फक्त तिचा पत्ता दिला. दोघी एकाच संगणकावर, एकमेकींच्या वाटेला न जाता.

फाइल उघडली. बरीचशी बटणं मुकी होती. काम अर्धंच झालेलं. बाबांनी पहिलं दाबलं.

"ठमे, चहा टाक."

आवाज दादाचा होता. बाबांची नक्कल करणारा, शेवटी हसू दाबलेला.

"टाकते रे दादा," माझ्या तोंडून गेलं.

बाबांनी बोट मागे घेतलं. पुन्हा ते बटण माझ्यासमोर त्यांनी कधीच दाबलं नाही. चहा अजून बातम्यांच्या आवाजातच मागतात.

संगणक रोज विचारतो, जावाची नवी आवृत्ती बसवू का? मी रोज 'नंतर' दाबते.

परवा कामावरून लवकर आले. दाराबाहेर दादाच्या आवाजात ऐकू आलं, "मीठ कुठंय यात?" मग, "हळू बोल, बहिरा नाही मी." मग, "बरं वाटतंय." थोडं थांबून पुन्हा, "बरं वाटतंय."

किल्ली हातात धरून मी जिन्यावर बसले. आवाज थांबल्यावरही लगेच आत गेले नाही.