नोव्हेंबरची यादी

स्टेकहाउसमध्ये जायचं ठरलं तेव्हा सुनंदाने पहिल्यांदा विचारलं, "तिथे आपण खायचं काय?" गाय-बैल त्यांच्या घरात नाशिकला कुणी खाल्ले नव्हते आणि कुवेतमध्ये सव्वीस वर्षं काढूनही दोघांनी तो नेम मोडला नव्हता. पण प्रताप त्या दिवशी हवेत होता. "चिकन मिळतं गं. आणि खायला कोण चाललंय? आमच्या आलोकने बोलावलंय, येताना प्लँटची डायरी आणा म्हणालाय. त्याचा अर्थ कळतो ना तुला?"

अर्थ सुनंदाला चांगलाच कळत होता. प्रतापचा करार ऑगस्टअखेर संपत होता. वर्षाची मुदतवाढ मिळाली तर ओवी मार्चमध्ये इथूनच बारावी देणार. नाही मिळाली तर बापाच्या इकाम्याबरोबर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याबरोबर, पोरीचाही इकामा जाणार, आणि बारावीच्या मध्यात तिला कुठली शाळा घेणार? अर्ज करून दोन महिने झाले होते. कंपनी हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. घरातल्या तिघांचा जीव टांगणीला लागला होता.

आणि आता हे आमंत्रण. कंपनीचा प्लँट दर नोव्हेंबरला काही दिवस बंद ठेवून दुरुस्त करतात, त्याला ही मंडळी शटडाउन म्हणतात. कुठला पंप उघडायचा, कुठला व्हॉल्व्ह बदलायचा, ती यादी उन्हाळ्यातच होते, आणि यादीला ज्याला बसवतात तो माणूस नोव्हेंबरला कामावर असतो. प्रतापने सव्वीस वर्षं हेच पाहिलं होतं. शिवाय त्याचं म्हणणं असं, की निरोपच द्यायचा असता तर कँटीनमध्ये बिर्याणी, भिंतीवरचं घड्याळ आणि ग्रुप फोटो. बायकोसकट हॉटेलात कोण नेतं? सुनंदाला ते पटलं. तिने दुपारी दूध पावडरचे पेढे वळले आणि डबा पर्समध्ये टाकला.

निघताना ओवीने दारात अडवलं. "सो वी आर स्टेइंग?" ही पोरगी मराठीतून विचारलं तरी इंग्रजीतूनच उत्तर द्यायची. सुनंदाचा त्यावरून घसा कोरडा करून झाला होता.

"आल्यावर सांगतो," प्रताप म्हणाला आणि उगाचच हसला.

हॉटेल सलव्यात होतं, जाब्रियातल्या त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर. आत भिंतीवर घोड्याचं खोगीर, दोरखंड आणि मधोमध बैलाचं भलंमोठं प्लास्टरचं मुंडकं. ज्याला पोळ्याला पुरणपोळी भरवायची, त्याच्याच मुंडक्याखाली आपल्याला बसवलंय, हे सुनंदाच्या मनात आलं, पण तिने खुर्ची ओढून घेतली. आज कशालाच नाक मुरडायचं नव्हतं.

आलोक आणि त्याची बायको शलाका आधीच येऊन बसले होते. आलोक पुण्याचा, प्रतापच्या हाताखाली चार वर्षांपूर्वी लागलेला. लग्नाआधी दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याचं जेवण सुनंदाकडेच असे. पिठलं तिसऱ्यांदा मागून घ्यायचा, "काकू, पुण्यातसुद्धा असं मिळत नाही," म्हणायचा. सुनंदा अशी हरभऱ्याच्या झाडावर किती वेळा चढली होती, याला गणती नाही.

त्याने आपल्याला आणि शलाकाला स्टेक मागवला. या दोघांसाठी चिकन आलं. ते इतकं कोरडं होतं की सुरी लावली तर दोरे निघत. बरोबरचा कुस्करलेला बटाटा गार, भाज्यांना मिठाचा पत्ता नाही. प्रताप मात्र "मस्त आहे" म्हणत पाण्याबरोबर घास ढकलत होता. ताट पुरतं अर्धंही झालं नव्हतं, तोवर त्याने ते बाजूला सारून डायरी उघडली.

ती निळ्या पुठ्ठ्याची जाडजूड वही खरं तर सुनंदाच्या हातची होती. प्रतापचं अक्षर त्याचं त्याला लागत नसे. तो चिठोऱ्यांवर खरडून आणी आणि शुक्रवारी सकाळी सुनंदा ते वहीत उतरवून काढी. कुठला पंप तापल्यावर थरथरतो, कुठल्या झाकणाचे बोल्ट कुठल्या क्रमाने सोडायचे, सगळं शुद्ध मराठीत, तारखेसकट.

"हा एकशेचार नंबरचा पंप," प्रताप रंगात येऊन सांगू लागला, "मॅन्युअलप्रमाणे उघडलास तर सील फाटणार. दोन हजार अकराला फाटलं होतं. आधी मागची बाजू सैल करायची. त्याची काळजी नको, तिथे मी स्वतः उभा राहीन."

आलोक मान खाली घालून मांस कापत राहिला. शलाकाने त्याच्याकडे पाहिलं. सुनंदाने ते पाहिलं आणि सुरी-काटा खाली ठेवला.

"अजून काय काय आहे, सर?" आलोकने विचारलं आणि फोनवर टिपून घेऊ लागला. सतरा पंप झाले, व्हॉल्व्ह झाले. अर्धा तास प्रताप बोलत होता. बोलता बोलता दोनदा तो म्हणाला, "नोव्हेंबरला आपण बघूच." दोन्ही वेळा आलोकने पुढच्या पंपाचं विचारलं.

मग एकदम दिवे मंद झाले. चार वेटर टाळ्या वाजवत केक घेऊन आले, केकवर फुलबाजी तडतडत होती. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस असेल असं वाटून प्रतापही हौसेने टाळ्या वाजवू लागला. केक त्याच्यासमोर ठेवला गेला तरी त्याच्या टाळ्या चालूच होत्या. चॉकलेटच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, 'हॅपी रिटायरमेंट, प्रताप सर'.

सुनंदाने हात पुढे करून नवऱ्याचे हात धरले तेव्हा कुठे ते थांबले.

"सर, कंपनीची नकाराची मेल सोमवारीच गेलीय," आलोक चाचरत म्हणाला. "तुम्ही वाचली असेल असं मला वाटलं. मी शब्द टाकला होता, शप्पथ. पण पोस्ट एकच आहे."

"ती कुणाला?" सुनंदाने विचारलं.

उत्तर शलाकाने दिलं. "आलोकला देतायत, काकू. त्यानेही चार वर्षं खूप घासलंय हो."

"मग डायरी कशाला मागवलीस?" सुनंदाचा आवाज चढला. पलीकडच्या टेबलावरच्या माणसांनी वळून पाहिलं. "आधी सांगायचं होतंस ना! हे सतरा पंप सांगून होईपर्यंत तोंडात काय धरून बसला होतास?"

"काकू, सरांशिवाय यादी कुणाला जमणार?" आलोक म्हणाला. लाज त्याला वाटत असावी, पण हात वहीवरच होता.

सुनंदाने वही ओढून घेतली आणि पर्समध्ये कोंबायला लागली. पेढ्यांचा डबा मध्ये येत होता. "यातलं अक्षर माझं आहे. ही नाही मिळायची."

"सुनंदा, दे ती," प्रताप म्हणाला.

"अहो!"

"दे. उद्या चुकीचा पंप उघडला तर माणूस भाजेल कुणीतरी." त्याने तिच्या हातातून वही सोडवून घेतली, टेबलावर सांडलेलं पाणी रुमालाने पुसलं आणि मग वही आलोकपुढे ठेवली. आलोकने चार पानं चाळली. "मराठीत आहे होय सगळं? हरकत नाही, स्कॅन करून ट्रान्सलेट करून घेतो."

त्या क्षणी त्याच्या थोबाडीत द्यावीशी सुनंदाला वाटलं. दिली नाही, याचा राग तिला पुढे आलोकपेक्षा स्वतःचाच जास्त आला.

केक कुणी कापलाच नाही. वेटरने तो तसाच खोक्यात घालून दिला आणि प्रतापने घेतला, कारण कुणी दिलेली वस्तू नाकारणं त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. गाडीत तो एवढंच बोलला, "चिकन वातड होतं नाही?"

बेल वाजवायच्या आधीच ओवीने दार उघडलं. "सो? डिड दे से येस?"

प्रतापने खोका पुढे केला. "केक आणलाय," म्हणाला आणि वाकून बुटांची नाडी सोडत बसला. ती सुटूनही तो वर बघेना. सुनंदाने खोका हिसकावून घ्यायला हवा होता. तिला ते सुचेपर्यंत ओवीने झाकण उघडलं होतं.

फुलबाजीची काळी तार एका बाजूला कलली होती. पाटी क्रीममध्ये जराशी रुतली होती, तरी अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. ओवीने ती वाचली, झाकण लावलं आणि खोका सावकाश टेबलावर ठेवला.

"आई," तिने मराठीत विचारलं, "कधी निघायचं आपण?"

निदान आज तरी पोरीने इंग्रजीत विचारायला हवं होतं, असं सुनंदाला वाटलं.