हिरालाल बनावटीचं मेंडोलिन

सोमवारी पुस्तक छापखान्यात जायचं होतं आणि शनिवारी भरदुपारी मी गिरडच्या टेकडीखाली भागाबाई मडावींच्या ओट्यावर घाम पुसत बसलो होतो. वर्धेहून समुद्रपूर, तिथून दुसरी एसटी, पुढे दीड किलोमीटर पायी. त्रेसष्टाव्या वर्षी ही थेरं शोभत नाहीत, असं बायको म्हणते. बरोबरच म्हणते.

नऊ वर्षं मी एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागलो होतो. हिंगणघाटच्या एका कापडगिरणीतल्या माणसानं साठच्या दशकात हातानं मेंडोलिनं बनवली होती. गोल पोट, आठ तारा, मानेवर मागावरच्या जुन्या धोट्यांच्या लाकडाची पट्टी. जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांकडे मला अशी तीन सापडली. तिन्हींच्या पोटात एकेक पिवळा, कातरलेला कागद चिकटवलेला. त्यावर नंबर आणि खाली सही : हिरालाल. झालं, मला कारागीर मिळाला. सदतीस, बावन्न आणि एकसष्ट ही तीन मॉडेलं, असा सिद्धांतही मी मांडला. हिरालालच्या घरचं कोणी भेटलं नाही, तरी त्याच्या हातातल्या कसबावर बावीस पानं लिहिली.

चौथं भागाबाईंकडे आहे असं कळलं होतं. त्यातल्या कागदाचा फोटो काढला की सुटलो, एवढंच मनात होतं. खरं सांगायचं तर मला त्या वाद्याचा कंटाळा आला होता.

भागाबाईंनी लुगड्यात गुंडाळलेलं मेंडोलिन आणून दिलं. ऐंशीच्या घरातली, काटक बाई. मी टॉर्च लावून पोटात पाहिलं. आत काहीच नव्हतं.

"याच्यातला कागद कुठी गेला, मावशी?"

"कोनता कागद?"

"नंबरचा. हिरालालच्या सहीचा."

"तो याच्यात कायले राहीन? हा बाजा तं आमच्या बुढ्यानं घरी बनवला. घरच्या वस्तूले गेटपास कायचा?"

मी टॉर्च बंद केला.

त्यांचा नवरा सोनबा गिरणीत सुतार होता. जेवणाच्या सुट्टीत टाकाऊ लाकडातून वाद्य बनवायचा. ते फाटकाबाहेर न्यायला पास लागायचा, आणि पास द्यायचा फाटकावरचा हिरालाल. पुढेमागे कोणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून सोनबा तो पास कातरून आत चिकटवायचा. हिरालालचा मेंडोलिनशी संबंध तेवढाच.

सगळं मुसळ केरात. मला राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात दम लागतो.

"सोनबाजी असते तर त्यांनाच विचारलं असतं," मी म्हणालो.

"तुमी आलते नं त्याच्याकडं. हिंगणघाटले, आमच्या घरी. चहा घेतला तुमी. बुढा चार दिस हरकून गेलता. म्हने, वर्धेचा साहेब बाज्यावर पुस्तक लिवून राह्यला."

मला काही आठवेना. "मग त्यांनी मले सांगतलं काऊन नाई?"

"तुमी हिरालालचंच पुसत होते. परत येतो म्हनलं, तं दोन सालं वाट पाह्यली त्यानं. मंग गेला. मी इकडं पोरीकडं आली."

पिशवीत पहिल्या वर्षाची डायरी होती. पानं उलटली. माझंच नेटकं अक्षर : 'सोनबा मडावी, सुतारखातं. हिरालालला ओळखतो. फार बोलतो. उपयोग नाही.'

"हाय का त्याचं नाव?" भागाबाईंना वाचता येत नव्हतं.

"हाय."

"काय लिवलं?"

काहीही सांगता आलं असतं. पण मला लाज वाटली, म्हणून मी होतं तसं वाचलं.

"बोले खरा लय," त्या म्हणाल्या. "बाज्याचं निंघालं का थांबेच नाई."

मी छापखान्याला फोन करून काम थांबवायला सांगितलं. मग डायरीचं कोरं पान काढून विचारलं, "काय काय सांगत ते, मावशी? लाकूड कसं वाकवत?"

त्यांनी मेंडोलिन पुन्हा लुगड्यात गुंडाळलं.

"मले काय समजते त्यातलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "ते त्यालेच पुसाले पाह्यजे होतं."