काकासाहेबाचा वाटा

गेल्या उन्हाळ्यात जामखेडच्या अंगाला आमच्या वाडीची विहीर इतकी खोल गेली, की बादली सोडून माणूस दाढी करून आला तरी ती तळाला टेकलेली नसायची. मी सांगतोय म्हटल्यावर यातलं निम्मं सोडून द्या. पुढचं मात्र सोडू नका.

दिवसाआड टँकर यायचा. माणशी दोन हंडे. सुरुवातीला एका लग्नघराला चार जास्त दिले, तर पुढच्या खेपेला घरोघरी कारणं निघाली. कुणाची म्हैस व्यालेली, कुणाचा जावई आलेला. डोकी फुटायची वेळ आली. तेव्हापासून कारण कुणाचंच ऐकायचं नाही, वाडीतला जिवंत माणूस तेवढा मोजायचा. पाइप आमोसच्या हातात. आणि ज्याच्या हातात पाइप, त्याच्या घरचे हंडे रांगेत शेवटी, असा वाडीचा रिवाज.

त्या दिवशी पहाटे माझा जोडीदार काकासाहेब गेला. घरातलं पाणी त्याच्या तापाच्या पट्ट्यांत संपलेलं. त्याच्या बायकोनं, लंकाबाईनं, आपल्या वाट्याच्या दोन हंड्यांत त्याला अंघोळ घातली असती, तर तिनं आणि धावत आलेल्या लेकींनी दोन दिवस प्यायचं काय? मी तिचे चार हंडे रांगेत लावले.

"आबा, काकूचे दोन," आमोस म्हणाला. "आन् हे?"

"काकासाहेबाचे."

रांगेतल्या माना माझ्याकडे वळल्या. लंकाबाईचा हंबरडा साऱ्या वाडीनं ऐकला होता.

"कुठं हायेत ते?"

"झोपलाय. उन्हाचं उठवत न्हाई त्याला."

"आबा, जन्मात कवा खरं बोललात का?" मागून सविता म्हणाली, आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

टँकर त्या दिवशी गळत आला होता. आमोसनं टाकीवर बोटं वाजवली. आवाज पोकळ आला. रांगेच्या टोकाला त्याची बायको दया उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान डोलावली.

"झोपल्यात तर झोपू द्या," म्हणत त्यानं पाइप हंड्यात सोडला.

शेवटी दयाच्या हंड्यात नुसती हवा आली. माझी एकही थाप कुणाला इतकी महाग पडली नव्हती. मी माझा हंडा पुढं केला.

"ठिवा आबा, तुमच्या सुना मला वाडीत राहू द्यायच्या न्हाईत," ती म्हणाली.

लंकाबाईनं नवऱ्याला बेताबेतानं एका हंड्यात अंघोळ घातली. दुसऱ्यावर झाकण ठेवलं.

"यांना लई झालं. जित्तेपनी तरी कुठं धड अंघोळ करत हुते! हा दयाकडं पोचवा."

"अगं, सुतकातल्या घरचं पानी..."

"किरिस्तावांत सुतक धरत न्हाईत."

मी हंडा खांद्यावर नेला. दयानं दारातच उतरवून घेतला.

"कुनी दिला?"

"काकासाहेबानं."

"जागे झाले व्हय?" ती हळूच म्हणाली.

थापा मारून केस पांढरे झालेत माझे. तेव्हा एकही सुचली नाही.